लिहून ठेवलेला अविश्वास

आमच्या प्रकल्पाची बैठक सुरू होते ती मनाई वाचून. उद्योग-संघटनेचा प्रतिनिधी कागद हातात घेऊन उभा राहतो आणि एका सुरात वाचतो : किमतींविषयी बोलायचं नाही, ग्राहकांची नावं घ्यायची नाहीत, कोण कुणाला किती माल देणार आहे यावर चर्चा करायची नाही. कॉफीच्या सुट्टीतही नाही. टेबलाभोवती बसलेले लोक एकमेकांचे स्पर्धक असतात, आणि स्पर्धक एका खोलीत आले की जर्मनीतला स्पर्धा-कायदा कान टवकारतो. म्हणून आधी मनाई, मग हजेरी, मग कामाचं बोलणं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्याकडे असल्या बैठका हार-तुरे आणि ‘सहकार्याचं नवं पर्व’ वगैरे बोलून सुरू होतात. इथे एकत्र येण्याआधीच कुठे एकत्र यायचं नाही ते ठरतं. आता इतक्या बैठकांना बसल्यावर वाटतं, सगळ्या कामाचं मर्म त्या रटाळ कागदातच आहे. विद्यापीठ आणि कारखाने मिळून संशोधन करतात ते एकमेकांवर विश्वास असतो म्हणून नव्हे. अविश्वास नीट लिहून ठेवलेला असतो म्हणून त्यांना ते जमतं.

मी आखनमधल्या एका उत्पादन-तंत्रज्ञान संस्थेत काम करते. त्याआधी पुण्यात इंजिनिअरिंग आणि भोसरी एमआयडीसीत एका जॉब-वर्कच्या शेडमध्ये नोकरी. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशिनिंग सेंटरवर, सेटिंग, तपासणी, डिस्पॅचच्या आदल्या रात्रीची धावपळ, सगळं केलं. मग एमएस्सीसाठी इथे आले आणि इथेच राहिले. आखन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाचं गाव. बेल्जियम आणि नेदरलँड्सची सीमा इतकी जवळ की माझे सहकारी सायकलवरून डच किराणा घेऊन येतात. गावात शार्लमेनचं कॅथेड्रल, गरम पाण्याचे झरे आणि १८७० साली सुरू झालेलं तंत्रविद्यापीठ.

या विद्यापीठात १९०६ साली यंत्रहत्यारांचं अध्यासन निघालं. आडोल्फ वालिक्स नावाचे प्राध्यापक त्यावर आले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू यॉर्कमध्ये फ्रेडरिक टेलर यांनी धातू कापण्याच्या कलेवर ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं. कापण्याचा वेग वाढवला की हत्याराचं आयुष्य किती घटतं, याचं टेलर यांनी मांडलेलं सूत्र आजही दुसऱ्या वर्षाची पोरं पाठ करतात. हे टेलर जर्मनीत पोचवले ते वालिक्स यांनी. त्यांनी टेलर यांचं लेखन जर्मनमध्ये आणलं. टेलर यांच्या कामाला दोन बाजू होत्या. एका हाताने त्यांनी हत्यार मोजलं आणि दुसऱ्या हाताने, स्टॉपवॉच घेऊन, कामगार मोजला. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या शस्त्रागारात ओतकामगारांनी त्या स्टॉपवॉचविरुद्ध काम बंद केलं. हा इतिहास मी परीक्षेपुरता वाचला होता. तो माझ्याच प्रकल्पात, माझ्याच टेबलावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

आधी आमचा पैसा कुठून येतो ते सांगते. जर्मनीत छोट्या-मध्यम कारखान्यांसाठी ‘औद्योगिक सामूहिक संशोधन’ नावाची सरकारी योजना आहे. तिचा घाट १९५४ मध्ये स्थापन झालेल्या एका महासंघाने घडवला. एकेका धंद्याची संशोधन-संघटना असते. कुणाची यंत्रहत्यारांची, कुणाची वेल्डिंगची. पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. सगळ्यांना छळणारा एक प्रश्न संघटनेमार्फत पुढे येतो, विद्यापीठातली संस्था तो उचलते आणि केंद्राचं आर्थिक व्यवहार खातं पैसे देतं. अट एकच : निघालेलं ज्ञान कुणा एकाच्या खिशात जाता कामा नये. प्रकल्पाबरोबर कारखान्यांची एक समिती चालते. ती ठरावीक काळाने भेटते, आमचे आलेख बघते आणि कपाळाला आठ्या घालते.

घरी आई-बाबांना मी हे साखर कारखान्यांवरून समजावलं. सहकारी कारखान्यांनी एकत्र येऊन १९७५ मध्ये मांजरीला जी साखर संस्था काढली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तिचं तत्त्वही तेच : एकट्याला न झेपणारं संशोधन सगळ्यांनी मिळून उभं करायचं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एआरएआयसुद्धा १९६६ साली वाहन-उद्योग आणि सरकार यांनी मिळूनच काढली. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. भोसरीच्या शेडपर्यंत ती पोचली नाही, एवढंच.

आता आमचा प्रश्न. तो अगदी क्षुद्र दिसतो. धातूचा जॉब मिलिंगवरून उतरला की त्याच्या कडांना बर राहते. कापताना धातूचा शेवटचा पापुद्रा तुटत नाही, वाकतो आणि कडेला चिकटून बसतो. हाताला लागते, जोडणीत अडकते, सुटून तेलाच्या मार्गात गेली तर पंप बसतो. ती काढायला अजूनही जगभर माणसं बसलेली आहेत, हातात कानस, स्क्रेपर किंवा छोटा ग्राइंडर घेऊन. भोसरीत आमच्याकडे ते काम बहुतेक बायका करायच्या. आखनजवळच्या एका कारखान्यात ते एक साठीचा तुर्की वंशाचा कारागीर करायचा. मी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसत असे. तो जॉब डाव्या हातात फिरवायचा, अंगठ्याचं नख कडेवरून अलगद ओढायचा, मग कानशीचे दोन हात. पुन्हा नख. कधी नखाचं समाधान झालं नाही तर कापसाचा बोळा फिरवायचा. धागा अडकला तर बर आहे. कुठली कड किती घासायची हे त्याला चित्रात कधी दिसलं नव्हतं. ड्रॉइंगवर फक्त ‘धारदार कडा नकोत’ अशा अर्थाची टीप असायची.

हे काम रोबॉटकडून करून घ्यायचं, असा प्रकल्प. इथे लोकांना वाटतं, रोबॉट म्हणजे अचूकपणा. पण औद्योगिक रोबॉटचा हात मशीन टूलच्या मानाने फारच लवचिक असतो. मशीनला एक मायक्रॉन ढकलायला पन्नास न्यूटनपेक्षा जास्त जोर लागतो, तर रोबॉटच्या टोकाला तेवढंच हलवायला एक न्यूटनही पुरतो. सहा सांध्यांतला प्रत्येक थोडा थोडा वाकतो. कड कापायला लावलं की तो दबतो, परततो, थरथरतो, आणि कडेवर लाटा उमटतात. म्हणून हत्यार हवेच्या दाबावर तरंगणाऱ्या स्पिंडलमध्ये बसवायचं आणि रोबॉटने जागा नव्हे, दाब सांभाळायचा. कारागीर नेमकं तेच करतो. त्याला कडेची जागा माहीत नसते, दाब माहीत असतो.

दुसरा गैरसमज ‘कोबॉट’चा. कारखान्याचे मालक प्रदर्शनात बघून येतात, कुंपण नसलेला, माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा रोबॉट, आणि तोच हवा म्हणतात. रोबॉट माणसाला लागला तर किती जोर सहन होईल, याच्या मर्यादा २०१६ च्या आयएसओ तांत्रिक विनिर्देशात शरीराच्या २९ जागांसाठी दिल्या आहेत. कपाळ, मनगट, मांडी, सगळं वेगवेगळं. पण त्या मर्यादा बोथट धक्क्यासाठी. त्या हाताच्या टोकाला मिनिटाला तीस हजार फेरे घेणारा कटर असेल, तर हात कितीही सज्जन असला तरी कुंपण लागणारच. एका मालकाला हे पटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. शेवटी त्यांच्या सुरक्षा-अधिकाऱ्याने एका वाक्यात मिटवलं, “चाकू धरलेल्या मित्रालाही आपण अंतरावरच ठेवतो.”

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे आली? बर सगळीकडे सारखी नसते. टिप, म्हणजे मिलिंगच्या हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक, नवी असेल तर बर बारीक, टिप घासत गेली की जाड. म्हणजे रोबॉटला किती दाबायचं हे कळायला टिप किती घासली आहे ते कळायला हवं. टिप मशीनच्या आत, कूलंटच्या फवाऱ्यात. दर जॉबला काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं परवडत नाही. पण स्पिंडलची मोटर किती करंट ओढते, कंप कसे आहेत, यात घासल्याच्या खुणा असतात. प्रयोगशाळेत टिपेच्या पाठीवरचा घासलेला पट्टा ०.३ मिलिमीटर झाला की तिचं आयुष्य संपलं असं सर्वसाधारणपणे धरतात. करंट आणि कंप यांवरून तो पट्टा ओळखणारं मॉडेल शिकवायचं, त्यावरून बरेचा अंदाज, त्यावरून रोबॉटचा दाब. उत्पादन, रोबॉट आणि एआय अशी तीन खाती एका जॉबवर येऊन मिळतात ती अशी. टेलर यांचाच प्रश्न, फक्त उत्तर शोधायची रीत वेगळी.

मॉडेल शिकवायला विदा हवी, म्हणजे डेटा. आणि डेटा मागायला गेलं की मगाशी म्हटलेला अविश्वास टेबलावर येतो.

आमच्या समितीत जॉब बनवणारे दोन कारखाने एकाच ग्राहकासाठी भांडणारे होते. दोघांनाही प्रश्न सोडवून हवा होता, दोघांनाही दुसऱ्याला काही कळायला नको होतं. मशीनच्या अक्षांची स्थिती दर क्षणाला नोंदवली की त्या नोंदींतून जॉबचा आकार जवळजवळ जसाच्या तसा उभा करता येतो. म्हणजे डेटा देणं आणि ड्रॉइंग देणं सारखंच. कापायचा वेग आणि फीड यांवरून एका नगाला किती वेळ लागतो ते कळतं आणि वेळेवरून किंमत. पहिल्या बैठकीत दोन्ही मालक इतक्या आदराने एकमेकांना ‘हेर’, म्हणजे जर्मन ‘श्रीयुत’, लावून बोलत होते की त्यातूनच ताण कळत होता.

इथे करार कामाला आला. प्रकल्पाआधी कुणाकडे काय ज्ञान होतं ते त्याचंच राहील. प्रकल्पात जन्मलेलं ज्ञान कुणाचं, ते यादीने लिहिलेलं. लेख छापण्याआधी भागीदारांना दाखवायचा, ठरलेल्या मुदतीत हरकत नाही आली तर छापायचा. अक्षांच्या स्थिती कारखान्याबाहेर जाणार नाहीत, फक्त करंट आणि कंप जातील. त्यातही एका कारखान्याने तेवढंही द्यायला नकार दिला. मग मॉडेलच त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं. डेटा जागेवर, मॉडेल फिरतं. ते प्रत्येक कारखान्यात शिकतं आणि परत येताना फक्त आपल्या आतल्या संख्यांतले बदल घेऊन येतं. २०१६ च्या सुमारास फोनवरच्या टंकलेखनासाठी ही पद्धत गाजली. इथे ती दोन स्पर्धकांच्या भांडणासाठी उपयोगी पडली. त्या काळात आखनच्या विद्यापीठात ‘इंटरनेट ऑफ प्रॉडक्शन’ हा मोठा संशोधनगट चालू होता, २०१९ पासूनचा. तिथले लोक ‘डिजिटल सावली’ हा शब्द वापरायचे : कारखान्याची संपूर्ण जुळी प्रतिकृती नको, एका प्रश्नापुरती पुरेल एवढीच सावली हवी. आमच्या दोन मालकांना ही भाषा लगेच कळली. सावली द्यायला कुणाची हरकत नव्हती.

करारावर सह्या झाल्या, संगणक मशीनला जोडायचा दिवस आला आणि एका कारखान्यात कामगार-परिषदेने काम थांबवलं.

जर्मन कारखान्यात कामगारांना आपली परिषद निवडता येते. १९७२ च्या कायद्याच्या ८७ व्या कलमात लिहिलंय की कामगाराचं वर्तन किंवा काम यांवर लक्ष ठेवू शकेल असं कोणतंही तांत्रिक साधन परिषदेच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. आम्ही म्हटलं, आम्ही तर फक्त मोटरचा करंट मोजतोय. परिषदेच्या अध्यक्षा स्वतः लेथवर उभ्या राहणाऱ्या बाई. त्यांनी आमचाच आलेख समोर ठेवला आणि पेन्सिलीने एका सपाट भागावर गोल काढला. “इथे मशीन नऊ मिनिटं थांबलंय. रात्रीची शिफ्ट. मला माहितीये तेव्हा कोण होतं आणि तो कुठे गेला होता. उद्या मॅनेजरलाही कळेल.”

त्यावर उत्तर नव्हतं. टिप मोजण्याची तार आणि माणूस मोजण्याची तार एकच होती. टेलर यांचे दोन्ही हात पुन्हा एकदा एकाच आलेखावर.

वाटाघाटी लांबल्या. २०२१ पासून कायद्यात असंही आहे की एआयचा प्रश्न असेल तर परिषदेला बाहेरचा तज्ज्ञ बोलावता येतो आणि खर्च मालकाचा. त्यांनी बोलावला. तज्ज्ञाने मला असे प्रश्न विचारले जे माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनीही विचारले नसते : ही नोंद का हवी, किती दिवस ठेवणार, कोण उघडू शकतं, पुसली हे कसं दाखवणार. शेवटी करार झाला. तारीख-वेळ काढायची, शिफ्ट काढायची, नोंदी एकेका टिपेच्या आयुष्यानुसार बांधायच्या. मशीन थांबलेलं असेल तो भाग मशीनपाशीच फेकून द्यायचा, साठवायचाच नाही. आमच्या गटात काही जण वैतागले होते. मला मात्र भोसरीची आठवण येत होती. तिथे कुणी ऑपरेटरला विचारून सेन्सर लावला असता का? आणि न विचारता लावला असता, तर तो किती दिवस चालू राहिला असता? आमच्या शेडमध्ये नग मोजायला लावलेल्या काउंटरची वायर उंदराने कुरतडल्याचं जाहीर झालं होतं. तो उंदीर दर महिन्याला यायचा.

मग डेटा आला, मॉडेल शिकलं आणि निकाल फारच चांगला निघाला. टिप कधी बदलली जाईल ते मॉडेल जवळजवळ बिनचूक सांगत होतं. समितीत आलेख दाखवले. मालक खूश. कोपऱ्यात एका कारखान्याचे माइस्टर बसले होते, विभागाचे मुख्य कारागीर. बोलणं कमी, ऐकणं जास्त. ते आलेख बघून म्हणाले, “छान आहे. पण टिप तेव्हा घासलेली नसते.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे ऑपरेटर शिफ्ट संपवताना टिप बदलूनच जातो. पुढच्या माणसाला नवी टिप देऊन मशीन सोपवायचं, अशी रीत. लिहिलेली नाही, पण कुणी मोडत नाही. म्हणजे ‘टिप बदलली’ या नोंदीचा अर्थ ‘टिप गेली’ असा नव्हता, बहुतेक वेळा ‘शिफ्ट संपली’ असा होता. मॉडेल घासणं शिकलंच नव्हतं. ते घड्याळ शिकलं होतं. पण वेळ तर आम्ही काढून टाकली होती. मॉडेलला घड्याळ कुठून मिळालं? तेही माइस्टरांनीच सांगितलं. सकाळी मशीन थंड असतं, तासागणिक स्पिंडल आणि तेल तापतं, तापलेल्या तेलात बेअरिंग हलकं फिरतं आणि रिकाम्या फेऱ्यातला करंट हळूहळू उतरतो. त्या उतरत्या रेघेत मॉडेलने तास वाचले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. गमतीची गोष्ट अशी की शिफ्टची माहिती काढून टाकली ती कामगारांना जपण्यासाठी, आणि नोंदींचा खरा अर्थ लागायला तीच हवी होती. परिषद आणि संशोधन आमनेसामने आले असं कुणालाही वाटलं असतं. तोडगा लेथवरच्या त्याच बाईंनी सुचवला. मशीनपाशी तीन बटणांची एक पेटी लावा. टिप बदलताना ऑपरेटरने एक बटण दाबायचं : घासली, तुटली, किंवा सोपवणी. का बदलली ते नोंदवायचं. कुणी बदलली ते नाही. पेटीचा खर्च म्हणजे आमच्या संगणकाच्या एका केबलइतका. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एका हीवीने, म्हणजे तासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने, ती दुपारभरात बनवली.

त्या पेटीनंतर निकालाचे आकडे खाली आले आणि खरे झाले. सोपवणीच्या वेळी काढलेल्या टिपा डब्यात गोळा करून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, आणि बऱ्याच टिपांत भरपूर आयुष्य शिल्लक होतं. एका मालकाने तिथेच हिशेब मांडला की रोबॉट राहू दे, सोपवणीची रीत बदलली तरी टिपांचा खर्च वाचतो. माइस्टर मान हलवत म्हणाले, वाचेल, पण रात्री उशिरा नवखा पोरगा मशीनवर असताना टिप तुटली तर जॉब आणि स्पिंडल दोन्हीचा खर्च धरा. रीत उगाच पडत नाही. या एका वादात मला जेवढं उत्पादन-व्यवस्थापन शिकायला मिळालं तेवढं दोन सत्रांत मिळालं नव्हतं.

विद्यापीठाला यातून काय मिळतं? हा प्रश्न सरळ विचारायला हवा, कारण विद्यापीठही काही धर्मादाय नसतं. आमच्यासारखे लोक पगारी असतात. प्रकल्पाच्या पैशावर काही वर्षं काम करायचं आणि त्यातूनच डॉक्टरेट काढायची. मालकाला चालणारं मशीन हवं असतं, मला प्रबंधाचं प्रकरण, प्राध्यापकांना पुढचा प्रकल्प. चालून गेलेली गोष्ट प्रबंधात अर्ध्या पानाची होते. न चाललेल्या गोष्टीवर प्रकरण होतं. मालकांना हे कळायला वेळ लागतो आणि कळलं की ते दुखावतात. दुसरं, डॉक्टरेट झाली की बहुतेक जण संस्था सोडून उद्योगात जातात. सहकारी त्याच्या संशोधनावरून एक हास्यास्पद टोपी बनवतात, ती डोक्यावर घालून त्याची मिरवणूक निघते आणि पुढच्या महिन्यात त्याची खुर्ची रिकामी. ज्ञान कागदावरून कारखान्यात जातं त्याहून जास्त या माणसांच्या पायांनी जातं. संस्थेला मात्र दर वेळी नव्या माणसाला तीन बटणांची गोष्ट पुन्हा सांगावी लागते.

निकालाबद्दल फुशारकी मारण्यासारखं थोडंच आहे. एका कारखान्याच्या मशीनवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्याच्या मशीनवर नेलं की लंगडायचं. तिथे पुन्हा थोडं शिकवावं लागे. रोबॉटने सरळ आणि मोठ्या वक्र कडा छान केल्या. आतल्या, एकमेकांना छेदणाऱ्या भोकांच्या कडांपाशी त्याचा हात पोचेना. एका कारखान्याने रोबॉटसाठी कुंपणाची कोठडी उभारली. दुसऱ्याने आकडे बघितले आणि सांगितलं, आमच्याकडे दर लॉटला जॉब वेगळा, रोबॉटचा प्रोग्रॅम बदलण्यात वेळ जाईल तेवढ्यात माणूस लॉट संपवेल. बरोबर होतं त्यांचं. तो नख ओढणारा कारागीर निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस मिळत नाही, हेच खरं तर पहिल्या कारखान्याच्या निर्णयाचं कारण होतं. रोबॉटने कुणाची जागा घेतली नाही, रिकामी जागा घेतली. पण ही गोष्ट त्या गावापुरती खरी आहे, सगळीकडे नाही, आणि भोसरीच्या बर काढायच्या टेबलावर बसणाऱ्या बायकांना मी ती याच शब्दांत सांगणार नाही.

मागे पुण्याला गेले तेव्हा जुन्या शेडवर गेले. मालकांना सगळे ‘दादा’ म्हणतात. व्हीएमसी वाढलेत, ऑफिसात एसी आलाय. चहा येईपर्यंत त्यांनी मुद्द्याला हात घातला. जवळच्या एका कॉलेजातले प्राध्यापक येऊन गेले होते. एआयवर संयुक्त प्रकल्प करू, तुमच्या मशीनचा डेटा द्या, म्हणत होते.

“देऊ का गं?” दादांनी विचारलं. “मागे एका कॉलेजची पोरं आली होती. फोटो काढले, मोजमापं घेतली, सर्टिफिकेटवर माझी सही नेली. पुढे काय झालं, देवाला ठाऊक. तुम्ही लोक शिकता, आमचं काय होतं?”

“दादा, हा प्रश्न त्यांना विचारलात का?”

“असं कसं विचारणार? मास्तर माणसं. वाईट वाटेल त्यांना.”

तिथे मला आखनची मनाई आठवली. आपल्याकडे सहकार्य अडतं ते पैशाअभावी किंवा हुशारीअभावी नाही. पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंग शिकवलं जातंय, शिवाजीनगरच्या त्या कॉलेजचं २०२२ मध्ये तंत्रविद्यापीठ झालं, तिथून भोसरीचं अंतर ते किती! अडतं ते भिडेपोटी. मालक हिशेब विचारत नाही, प्राध्यापक अटी सांगत नाही, ऑपरेटरला तर खोलीत बोलावतच नाहीत. सगळे गोड बोलतात, मग प्रत्येक जण हातचं राखून देतो. मालक जुना, निरुपयोगी डेटा देतो, कॉलेज निरुपद्रवी अहवाल देतं आणि दोघांच्या भिंतीवर करारपत्राच्या फोटोची चौकट लागते.

आम्ही त्याच टेबलावर, चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर, अटी लिहून काढल्या. ड्रॉइंग आणि अक्षांच्या नोंदी शेडबाहेर जाणार नाहीत. ऑपरेटरचं नाव आणि शिफ्ट नोंदवायची नाही. सेन्सर लावण्याआधी ऑपरेटर आणि सेटर यांच्याशी प्राध्यापकांनी स्वतः बोलायचं, आणि बैठकीत त्यांच्यातला एक बसेल. लेख छापण्याआधी दादांना मराठीत समजावून सांगायचा. प्रकल्प फसला तर का फसला, याचं एक पान शेडला मिळालंच पाहिजे. आणि कॉलेजला काय हवंय, तेही त्यांनी तितक्याच उघडपणे लिहायचं : पेपर, पीएचडी, की फोटो.

“फार कडक वाटतंय,” दादा म्हणाले. “पळून जातील.”

पळाले नाहीत. परवा दादांचा फोन आला होता. प्राध्यापकांनी दोन अटींवर लेखी हरकत घेतली आहे. छापण्याआधी वाट बघायची मुदत त्यांना कमी हवी आहे, आणि शिफ्टची नोंद अजिबात नसेल तर त्यांचं विश्लेषण चालणार नाही असं ते म्हणतात. दादा जरा धास्तावले होते. मी त्यांना म्हटलं, ही पहिली खरी बैठक झाली असं समजा. आणि दुसऱ्या हरकतीसाठी तीन बटणांची पेटी कशी बनवायची, त्याचं चित्र मी पाठवते.